झाकणावरची साखर

झाकणाच्या कडेला ओघळून वाळलेल्या साखरेचं कडं जमलं होतं. पांढरं, अखंड, कुठेही तडा नाही. अन्नतपासणी अधिकारी बाईंनी ते भिंगातून पाहिलं आणि कॉफीच्या लिकरची, म्हणजे गोड मद्याची, बाटली होती तिथेच ठेवली. शेजारी तशीच दुसरी, बदामाच्या लिकरची. लेबल एकीवरही नव्हतं.

काल या हॉटेलातलं तिरामिसू, ते भिजवलेल्या बिस्किटांचं इटालियन गोड, खाऊन बदाम न सोसणारी एक गिऱ्हाईक बाई दवाखान्यात पोचली होती. अजून शुद्धीवर नव्हती.

“लेबलं का नाहीत?”

“थोरल्या भावाचा नियम,” आचारी म्हणाला. “वासावरून ओळखायचं. ज्याला ओळखता येत नाही, त्यानं ओतायचं नाही. तो गेला, नियम राहिला.”

“तिरामिसू रोज होतं?”

“फक्त शनिवारी.”

“कालची बिस्किटं कुणी भिजवली?”

“मीच. हुंगून कॉफीचंच लिकर ओतलं. बदामाचं मागाहून वहिनींनी घातलं असणार. मला इथून काढायला टपल्यात त्या.”

“भाऊजी, मी काल दाताच्या डॉक्टरांकडे होते,” स्टुलावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या.

“विषाचा दात काढून यायचा होता.”

त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, दूध तळाला लागून करपत होतं. वहिनींनी मुकाट्यानं उठून गॅस बंद केला.

अधिकारी बाईंनी कॉफीच्या बाटलीचं झाकण फिरवलं. हललं नाही. जोर लावला तसं कडं तडकलं. चुरा ओट्यावर पडला, आतून कॉफीचा वास आला.

“असं कडं एका रात्रीत जमत नाही. मागच्या शनिवारनंतर ही उघडलेलीच नाही. तुम्ही ओतलंत ते दुसऱ्या बाटलीतलं.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“नाही. तुम्हाला ते खरंच कॉफीचं वाटलं. मागे दूध करपलं, कळलं का?”

तो गर्रकन वळला. काळं पडलेलं पातेलं पाहत राहिला.

“तुम्हाला वास येत नाही. रोज तुमच्या मागून कुणीतरी हुंगून बघत होतं. काल ते माणूस दाताच्या डॉक्टरांकडे होतं.”

“कधीपासून माहीत आहे?” त्यानं वहिनींना विचारलं.

“वर्ष झालं. दर सोमवारी, हॉटेल बंद असतं तेव्हा, बोलायचं ठरवत होते.”

“आणि गंमत बघत बसलात.”

“माझं गप्प बसणंही लिहून घ्या,” वहिनी अधिकारी बाईंना म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या.

“भाऊजी, आजपासून या शेगडीपाशी तुम्ही उभं राहायचं नाही.”