पेटीतून झिरपणारे घर

कोल्हापूरच्या वाचा-संशोधन केंद्रातल्या लांब टेबलावर इम्तियाज मुल्लाने पत्र्याच्या दोन पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या.

"मॅडम, डोळे मिटा आणि एकेक हातात धरा."

डॉ. कुमुदिनी आठल्ये यांनी डोळे मिटले नाहीत, पण पेट्या उचलल्या. पहिली मिठाईच्या रिकाम्या खोक्यासारखी हलकी होती. दुसरीने मनगट खाली ओढले.

"विजेची पेटी वजनावर घ्यायची का आता? भाजी आहे का ती?"

"भाजीवाला निदान वर चार चांगले टोमॅटो तरी ठेवतो. हे लोक वर नुसता आकडा ठेवतात." इम्तियाजने हलक्या पेटीवरचे लेबल दाखवले. "पाचशे वॅट लिहिलंय. अडीचशे मागितले की धापा टाकते. आत तांबं कमी, वीज साठवणारे कपॅसिटर चिमुकले, आणि वीज शिरते तिथली गाळणी तर बसवलेलीच नाही. नुसती रिकामी भोकं आहेत. म्हणून हलकी."

संगणकाच्या पोटात अशी एक पेटी असते. बाजारात तिला सगळे एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी वीज पुराच्या पाण्यासारखी असते, जोरकस आणि गढूळ. शेजारी पंप सुरू झाला, कुणी मिक्सर फिरवला, की तिच्यात खळबळ उठते. संगणकाला मात्र थोडी, सपाट आणि स्वच्छ वीज लागते. गढूळ पाणी गाळून, शांत करून आत सोडायचे, एवढेच या पेटीचे काम. ते नीट झाले तर तिची कुणाला आठवणही होत नाही.

अशीच हलकी पेटी चंदना चौगुलेच्या संगणकात होती, ती काढायची होती. टेबलावरची ही तिच्यासारखीच पेटी इम्तियाजने अडगळीच्या खोलीतून शोधून आणली होती.

"मुळात अशी पेटी त्या यंत्रात घातली कुणी?" त्याने विचारले.

"मी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चांगली मागवली होती, ती यायला उशीर होता. म्हटलं, आठवड्यापुरती चालेल."

त्या आठवड्याला चार वर्षे झाली होती.

चंदना इचलकरंजीची, आता चौदा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे तिचे हातपाय आणि जीभ तिचे ऐकत नसत. बुद्धी शाबूत होती. तोंडातून निघणारे स्वर मात्र अनोळखी माणसाला नुसते कण्हणे वाटत. तिच्यासाठी कुमुदिनीबाईंनी त्या संगणकावर चालणारा वाचावाहक बनवला होता. चंदनाने स्वर काढला की तो त्याचा अर्थ लावून स्पष्ट मराठीत बोले. आवाजही एका मुलीचाच निवडला होता.

वाचावाहकाच्या गाभ्यात होते स्वघडण मंडल, स्वतःच्या जोडण्या स्वतः घडवणारे विजेचे जाळे. नेहमीच्या संगणकाला काय करायचे ते पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. या मंडलाला काहीच लिहून दिलेले नव्हते. ते अंदाजाने एक वाक्य बोले. अंदाज बरोबर ठरला की शेजारची हिरवी कळ दाबायची, मग आतल्या ज्या जोडण्यांनी तो अंदाज केला त्या घट्ट होत. कळ दाबली नाही की सैल पडत. चंदनाची बोटे कळीवर ठरत नसल्याने कळ होती तिच्या आईच्या, राजमतीबाईंच्या हाती. "आईपेक्षा कोण ओळखणार?" असे तेव्हा कुमुदिनीबाईच म्हणाल्या होत्या.

आणि वाचावाहक बोलायला लागला. सकाळी "आई, दूध दे" म्हणे. दुपारी पंखा लावायला सांगे. राजमतीबाई विजेच्या शिलाईयंत्रावर ब्लाउज शिवत. संध्याकाळी त्यांनी शिलाईयंत्र बंद केले की मुलीच्या आवाजात हमखास प्रश्न येई, "आई, दमलीस का?"

हे वाक्य राजमतीबाईंनी साऱ्या गल्लीला ऐकवले होते.

पण हल्ली गल्लीतले यंत्रमाग एकदम सुरू झाले की घरातले दिवे मिचकावत आणि संगणक वाक्याच्या मध्येच बंद पडे. "ओ मॅडम, पोरीचा शब्द तोंडातच ऱ्हातोय बघा," राजमतीबाईंनी फोनवर सांगितले होते.

"म्हणून ही घ्यायची." इम्तियाजने जड पेटीवर थाप मारली. "दिवा मिचकावला तरी तेवढा क्षण ही आपल्या पोटातल्या साठ्यावर काढते. गाळणी पुरी आहे. दाब चढला तर स्वतः बंद पडेल, पण पुढचं जळू देणार नाही. आणि यंत्राला लागते त्याच्या दुप्पट ताकदीची घेतलीय, म्हणजे निम्म्या भारावर थंड डोक्यानं चालेल. मी लेबलावर विसंबलो नाही. तीन पेट्या आणून भार देऊन बघितल्या, त्यातली ही पहिली आली."

"सोयरीक जमवल्यासारखी निवडलीस की."

"सोयरिकीत एवढं तपासलं असतं तर माझे सासरे..." इम्तियाजने वाक्य तिथेच सोडले आणि दोघे हसले.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत पेटी बसवली. इम्तियाजने मुद्दाम भिंतीवरचे बटण पटकन खालीवर केले. संगणक हलला नाही. कुमुदिनीबाईंनी चंदनाच्या केसांवरून हात फिरवला. "बोल आता. कुणी मध्ये तोडणार नाही."

चंदनाने स्वर काढला. वाचावाहक म्हणाला, "पंखा... दे... दूध." मग गप्प झाला.

आठवडाभर तो असाच अडखळत राहिला. मग राजमतीबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "काय बसवलासा ओ घरात? माझी पोरगी मुकी झाली."

सगळे यंत्र केंद्रात आणले गेले. इम्तियाजने नवी पेटी पुन्हा तपासली. तिच्या विजेची रेघ पडद्यावर आखून काढल्यासारखी सरळ होती. दोष सापडेना, तेव्हा त्याने जुनी पेटी परत जोडली आणि यंत्र चालू करून ठेवले. ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, अजून पिशवीतच होता. मग तो शेजारच्या टेबलावर एका पत्र्याला ड्रिलने भोके पाडायला लागला.

ड्रिल थांबले. "आई, दमलीस का?"

कुमुदिनीबाईंनी चमकून दाराकडे पाहिले. दारात कुणी नव्हते. वाचावाहक ज्यातून ऐकतो तो ध्वनिग्राहक जोडलेलाच नव्हता.

इम्तियाजने ड्रिल पुन्हा चालवले. थांबवले.

"आई, दमलीस का?"

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ड्रिलची आणि शिलाईयंत्राची मोटार एकाच जातीची. दोन्हींत कार्बनचे तुकडे घासतात, ठिणग्या उडतात. त्यांचा काटेरी तरंग भिंतीतल्या विजेत चढतो. चांगली पेटी तो दारातच अडवते."

"आणि हिला गाळणीच नाही."

"हिच्यातून अख्खं घर आत झिरपत होतं. पंप, मिक्सर, पंखा, सगळं."

कुमुदिनीबाई खुर्चीवर बसल्या. पुढचे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. काय ऐकायचे हे त्यांनी मंडलाला कधी सांगितलेच नव्हते. बरोबर कधी ठरले, एवढेच सांगितले होते. चंदनाचे स्वर अवघड होते, रोज वेगळे येत. पंपाचा तरंग मात्र रोज तोच. सकाळी पंप चालला, मिक्सर फिरला, की दूध मागायचे. कळ दाबली जायची. मंडलाने सोपी वाट धरली होती. ते लबाड नव्हते. त्याला जे शिकवले ते त्याने शिकले होते.

"पण आईला कळलं कसं नाही?" इम्तियाजने विचारले.

"दिवसभर मशीन चालवून उठल्यावर मुलगी विचारते, दमलीस का. कुठली आई म्हणेल की हे चुकलं? ते चंदनाचं बोलणं शिकलंच नाही रे. राजमतीबाईंना काय ऐकायला आवडतं ते शिकलं. आणि कळ मी त्यांच्या हातात दिली."

"यातलं सांगायचं किती?"

"सगळं."

इचलकरंजीच्या त्या खोलीत बाहेरून मागांचा खडखडाट येत होता. राजमतीबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत सगळे ऐकून घेतले. चंदना चाकाच्या खुर्चीत शेजारीच होती.

"म्हणजे घर बोलत होतं म्हणा की," राजमतीबाई शेवटी म्हणाल्या. "बोलू दे. घर आमचंच हाय न्हवं? जुनी पेटी लावा परत."

"घर तुमचंच आहे. पण तोंड तिचं आहे."

"तुम्ही शिकलेल्या माणसांनी आधी द्यायचं आणि मग काढून घ्यायचं!" त्या उसळल्या. "चार वर्सं माझ्या पोरीनं मला रोज इचारलंय. रोज! ते खोटं?"

कदाचित चंदनाच्या मनात ते खरोखर येतही असेल. यंत्राच्या सांगण्यावरून मात्र ते कळायचा काहीच मार्ग नव्हता.

"आपण तिलाच विचारू या," कुमुदिनीबाई म्हणाल्या. चंदनाला नजर वर नेता येई, हे त्यांना पहिल्या तपासणीपासून ठाऊक होते. नजर टिपणारे यंत्र तेव्हा किचकट वाटले, म्हणून कळ सोपी पडली होती. त्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "चंदना, जुनी पेटी परत लावली तर ते पहिल्यासारखं भराभर बोलेल. नवी ठेवली तर सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. पण त्या वेळी बरोबर काय ते तू सांगशील, तुझ्या डोळ्यांनी. फार वेळ लागेल. जुनी लावू? हो असेल तर वर बघ."

चंदनाची नजर फरशीवर होती. ती तिथेच राहिली.

"चंदा," राजमतीबाईंनी तिची हनुवटी धरली, "माझ्याकडं बघ की गं."

चंदनाने आईकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. डोळे भरून आले, पण वर गेले नाहीत.

नवी पेटी राहिली. संगणकावर नजर टिपणारा छोटा कॅमेरा बसला आणि हिरवी कळ काढून टाकली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. वाचावाहक काहीतरी बरळे, चंदना फरशीकडे पाही. कुमुदिनीबाई दर आठवड्याला येत. राजमतीबाई चहा पुढे ठेवत आणि फारसे बोलत नसत.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी कुमुदिनीबाई आल्या, तेव्हा राजमतीबाई चंदनाला दूध पाजायला बसल्या होत्या. रोजच्यासारखी चंदना तोंड फिरवत होती, कण्हत होती. तिला गिळायला त्रास होतो, असेच सगळे समजत आले होते. तिने एक स्वर काढला. वाचावाहक थोडा थांबून म्हणाला, "दूध नको."

चंदनाची नजर ताडकन छताकडे गेली आणि तिथेच खिळून राहिली.

राजमतीबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "नको?" त्यांनी विचारले. "कधीपासून नको गं?"

चंदना नुसती वर पाहत राहिली. कधीपासून, ते सांगण्याइतके शब्द तिच्याजवळ अजून नव्हते. कुमुदिनीबाईंना मात्र साऱ्या सकाळी आठवल्या. रोज तिच्यादेखत तिच्याच नावाने दूध मागितले गेले होते. आणि नाही म्हणायला त्यांनी तिला काहीच दिले नव्हते. चंदनाचे स्वतःचे वाक्य ऐकायला त्या उन्हाळ्यापासून थांबल्या होत्या, आणि आता त्यांना मान वर करवेना.

दिवसभर त्या तिथेच राहिल्या. चंदना आणखी दोन शब्द बोलली. संध्याकाळी निघताना पिशवी घ्यायला त्या आतल्या खोलीच्या दाराशी आल्या आणि थबकल्या.

राजमतीबाईंनी नुकतेच शिलाईयंत्र बंद केले होते. पदराला चिकटलेला दोरा झटकायचा राहिला होता. त्या बाहेरच्या खोलीतल्या वाचावाहकाकडे कान देऊन बसल्या होत्या. मग त्यांनी बटण दाबले. यंत्राखाली कापड नव्हते, सुई रिकामीच खालीवर झाली. त्यांनी यंत्र थांबवले आणि वाट पाहिली.

पुन्हा चालवले. पुन्हा थांबवले.

पेटी चांगली होती. तिने आत काहीच येऊ दिले नाही.