पुरळ उठलेल्या भाचीचा मामा

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी त्याला बालवाडीच्या दारातच अडवलं. कडेवर तीन वर्षांची संघप्रिया, तिच्या मानेवर-पाठीवर लाल पुरळ, आणि त्याच्या डोळ्यांत... जाऊ दे, तेव्हा डोळे बघायला मला उसंत नव्हती.

"आत नका आणू," मी म्हणाले.

"मी हिचा मामा, प्रसेनजीत. ताप परवाच उतरलाय. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीया, वाचा तरी की."

वाचली. ताप उतरल्यावर उठणारी साधी पुरळ आहे, गोवर नाही, आता कुणाला लागण होणार नाही, बालवाडीत पाठवायला हरकत नाही.

साल दोन हजार एक. राजारामपुरीतल्या त्या बालवाडीत मला शिक्षिका म्हणून लागून जेमतेम दोन महिने झाले होते. नोकरी गेली की परत घरी शिरोळला, आणि वडील, आमचे आप्पा, चहा-पोह्यांच्या कार्यक्रमांची रांग लावायला टपलेलेच.

मोठ्या बाईंनी, अंबूबाईंनी, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "भूमिका, घ्यायचं तर घे. पण आणखी एका पोराला उठलं, तर तू आपलं सामान आवरायचं."

"चार दिवस घरी नाही का ठेवता येणार?" मी त्याला विचारलं.

"हिची आई दवाखान्यात हाय, बाळंतपणाला. मी लेथवर कामाला. मशीनपाशी घेऊन उभा ऱ्हाऊ व्हय हिला?" मग त्याचा आवाज उतरला. "पर तुमाला भीती वाटत आसंल तर... ऱ्हाऊ दे, बाई."

ते 'ऱ्हाऊ दे' मला फार लागलं. मी हात पुढे केले. पोर निमूट माझ्याकडे आली.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. आमच्याकडे अंगावर काही उठलं की देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते. सुटीच्या वेळी शिवकुमारची आई चन्नम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्या बौद्धांच्यात देवीचं काय करत न्हाईत. भोगायचं आमच्या पोरांनी."

प्रसेनजीत भाचीच्या पायात चप्पल सरकवत होता. "आमी डॉक्टरकडं जातो, मावशी," तो शांतपणे म्हणाला. "देवीला कशाला तरास?"

मला हसू आलं, पण भीती काही गेली नाही. रोज सकाळी दारात उभी राहून मी एकेका पोराचा हात तपासायची. रात्री डोळा लागायचा नाही.

"आज किती हात बघितलं?" तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

"तेवीस."

"माझा ऱ्हायला की." त्यानं बाही वर सारली. नखांत ऑईल, मनगटावर भाजल्याची जुनी खूण.

"काही नाही तुम्हाला."

"नीट बघा... कुठंतरी आसंल."

मी बघितलं. जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

चौथ्या दिवशी चन्नम्मा आरडाओरडा करतच आली. शिवकुमारचे गाल, मान, दंड, सगळं लालबुंद. अंबूबाई दारात येऊन नुसत्या बघत राहिल्या. प्रसेनजीत नुकताच संघप्रियाला सोडायला आला होता. तिला अंबूबाईंकडे देऊन त्यानंच रिक्षा थांबवली.

"चला, दवाखान्यात. हितं वराडून काय कळतंय?"

दवाखान्यात चन्नम्मा लेकाला घेऊन पुढे बसली, आम्ही दोघं मागच्या बाकावर.

"गोवर निघाला तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर शिरोळ. आप्पा स्थळं बघतायत."

त्याचा गुडघा सारखा हलायला लागला.

डॉक्टरांनी शिवकुमारचा गाल बघितला, मग नाक जवळ नेलं. "काय लावलंय ह्याला?"

"काय न्हाई... लिंबाचा पाला नि हळद, वाटून," चन्नम्मा पुटपुटली. "देवी येऊ ने म्हणून. सकाळ-संध्याकाळ घासतोय, चार दिवस झालं."

"मग कातडं लाल होणार नाही तर काय? गोवर नाही हा. लेप बंद करा, दोन दिवसांत उतरेल."

मी तिथेच रडले. नोकरी वाचली म्हणून रडले, आणि बाजूला तो होता म्हणूनही. चन्नम्मानं खाली मान घालून लेकाला उचललं, आणि अंबूबाईंना खरं काय ते तिनं स्वतःच जाऊन सांगितलं.

आम्ही बाहेर आलो.

"सोमवारी संघीच्या आईला दवाखान्यातनं सोडणारायत," प्रसेनजीत म्हणाला. "पोरीला घेऊन कोडोलीला घरी जाईल ती."

"म्हणजे... तुम्ही आता येणार नाही."

"पोरच न्हाई तर कोणत्या तोंडानं येऊ?" तो रस्त्याकडे बघत राहिला. "तुमी आवडता मला. सांगणार न्हवतो. लोकं आमच्याबद्दल काय बोलत्यात ते ऐकलंसा. तुमच्या घरात तर त्याहून जास्त बोलतील."

बोलतील हे मला ठाऊक होतं. आप्पांचा राग तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक होता.

"रविवारी मी शिरोळला जाणार आहे," मी म्हणाले. "स्थळं बघू नका म्हणून सांगायला."

"कारण विचारलं तर?"

"तुमचं नाव सांगीन."

त्यानं तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं. "मग मीबी येतो. एकटीनंच का ऐकून घ्यायचं?"

मी म्हटलं, "या."