नवव्या घराची आतली कडी

आमोद दातारला लोकांच्या तक्रारी वाचण्याचा पगार मिळायचा, आणि तक्रार करणाऱ्या माणसांची त्याला मनापासून शिसारी यायची. तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय, पुण्यात अशी माणसं खिडकीखिडकीमागे बसलेली आहेत. मान्य. पण त्या बाकीच्यांचं जे झालं नाही ते आमोदचं झालं, म्हणून सांगायला बसलो. तो दिवा जरा अलीकडे घ्या.

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, त्याची कंपनी. मोबाइलवरचा एक खेळ बनवायची, ‘दिवेवाडी’. खेळ अगदी साधा. तुम्हाला आठ घरांची वाडी मिळते. विहिरीचं पाणी भरायचं, अंगणं झाडायची, संध्याकाळ झाली की आठही घरांत दिवे लावायचे. यात रमणारे लाखभर लोक होते, आणि त्या लाखाबद्दल आमोदचं मत एका शब्दाचं होतं. तो शब्द इथे सांगत नाही.

खेळणाऱ्यांसाठी कंपनीने इंटरनेटवर एक फोरम काढला होता. खेळात काही चुकीचं दिसलं, बग सापडला, की लोक तिथे लिहायचे. आमोद येण्याआधी तिथे नुसता बाजार होता. एक जण विहीर आटल्याची तक्रार करतोय आणि त्याच्याखाली दुसरा नातवाच्या बारशाचे फोटो टाकतोय. आमोदने सगळं सरळ केलं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. सात रकान्यांचा फॉर्म केला. काय झालं, कुठे झालं, कोणत्या पायऱ्यांनी झालं, काय व्हायला हवं होतं, वगैरे. एक रकाना रिकामा राहिला की तक्रार बाद. एकसारख्या वाटणाऱ्या तक्रारी एकत्र करून एकाच नंबराखाली कोंबायच्या. आणि उरलेल्यांवर शिक्का: ‘आमच्याकडे घडत नाही. तपासले: आमोद.’

नियम असा होता की शिक्का मारण्याआधी त्या माणसाने लिहिलेल्या पायऱ्या आपल्या फोनवर एकदा करून बघायच्या. आमोदने दोन वर्षांत एकदाही बघितल्या नव्हत्या. वाचायचा, नाकातून हसायचा, शिक्का. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाटी कोरी. साहेब खूश, आमोद खूश, आणि तिकडे लोक बोंबलत बसलेले.

अशात मंगळवारी सकाळी सुरय्याबाईंचा एकविसावा फॉर्म आला.

या बाईंचे सगळे फॉर्म सातही रकाने भरून यायचे. त्यामुळे ते बाद करता येत नसत, आणि म्हणून आमोदचा त्यांच्यावर विशेष राग. मजकूर दर वेळी तोच. ‘माझे मिस्टर मैनुद्दीन यांनी चाळीस वर्षं मंडईजवळ घड्याळं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर ते आपला खेळ खेळत. आमच्या वाडीत विहिरीमागे नववं घर उगवलं. ते आम्ही बांधलेलं नाही. यांनी त्याचं दार वाजवलं. तेव्हापासून घरात जो माणूस जेवतो-झोपतो, तो हे नाहीत. घड्याळ हातात आलं की हे आधी कानाला लावत. हा लावत नाही. हे त्या नवव्या घरात आहेत. खिडकीतून मला दिसतात. पायऱ्या: एक, विहिरीमागे जाणे. दोन, नवव्या घराचे दार तीनदा वाजवणे. कृपया दुसरी पायरी आपण करू नये. काय व्हायला हवे: त्या दाराला आतून उघडायची कडी नाही. ती बसवून द्यावी, म्हणजे हे बाहेर येतील. आमोदसाहेब, एवढा कागद फक्त पुढे पाठवा.’

पुढे पाठवणं म्हणजे एका बटणाचं काम. प्रोग्रामरकडे गेलं असतं, त्यांनी दहा मिनिटांत कडी बसवली असती. पण तेवढं बोट हलवायलासुद्धा समोरचा माणूस माणूस वाटावा लागतो.

“काकूंचं डोकं फिरलंय,” आमोद म्हणाला. “नवऱ्याशी पटत नाही, खापर फोडतात आमच्या खेळावर.”

शेजारी सलोनी बसायची. सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी, अजून तिला लोकांची दया यायची. ती म्हणाली, “अरे, नवव्या घराची तक्रार एकट्या काकूंची नाही. सोळा वेगवेगळी माणसं. तू सगळ्या एकत्र केल्यास.”

“एकच बग आहे. मूर्खपणा.”

“एकदा करून तर बघ. तुझ्या आईने असं लिहिलं असतं तर?”

“माझी आई असल्या फालतू गोष्टींना हात लावत नाही,” आमोद म्हणाला. आणि मग त्याला एक कल्पना सुचली, त्याच्या स्वभावाला साजेशी. फोनवर सगळं करायचं, त्याचं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि फोरमवर टाकायचं. वर मथळा: काकूंचं भूत, सप्रमाण. लोक हसतील. बाई पुन्हा तोंड वर करणार नाहीत.

सलोनी डबा घेऊन कँटीनला गेली. सगळा मजलाच गेला. बाहेर लख्ख ऊन, काचेतून डोळ्यावर येणारं. आमोदने चकलीचं पाकीट फोडलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दिवेवाडी उघडली.

विहिरीमागे गेला. तिथे नववं घर होतं.

त्याने चकली चावायची थांबवली. हे घर कंपनीच्या कुठल्याच चित्रात नव्हतं. बसकं, मातीचं, भिंती फुगीर, पाण्यात राहिलेल्या लाकडासारख्या. एक बंद दार. बाजूच्या भिंतीत खिडक्या, त्याने मोजल्या, सोळा. आणि एकीत कोणीतरी हात हलवत होतं… जोरजोरात, नको नको असं.

“छान केलंय हो कोणीतरी,” आमोद मोठ्याने म्हणाला. आवाज जरा चिरकला. कोणा टवाळ प्रोग्रामरची करामत, दुसरं काय! त्याने दारावर बोट टेकवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टेकवताना फोनची काच बोटाला ओली लागली.

दार आतून उघडलं.

आधी आवाज गेले. एसीची घरघर गेली, खाली रस्त्यावरचे हॉर्न गेले. मग वास आला, रॉकेलचा, आणि ओल्या चुन्याचा. आमोद खुर्चीच्या हाताला धरायला गेला तर हाताला भिंत लागली. गार, मऊ भिंत. पाठीमागे दार लागलं. पुढे उजेडाचा एक चौकोन होता, आणि त्या चौकोनात एक भलामोठा चेहरा चकली चावत होता.

तो चेहरा त्याचाच होता. कंटाळलेला, ओठ एका बाजूला वाकडा. आयुष्यात पहिल्यांदा आमोदने स्वतःला समोरच्याच्या जागेवरून पाहिलं, आणि काय दळभद्री तोंड होतं ते.

“या,” मागून कोणी तरी हळूच म्हणालं. “बसा. जागा करा रे त्यांना.”

अंधारात कंदिलाभोवती माणसं बसली होती. बोलणारे म्हातारे गृहस्थ पांढऱ्या दाढीचे, एका डोळ्यावर घड्याळजीचं भिंग चढवलेलं.

“मैनुद्दीन…?”

“हो. मी हात हलवत होतो. आपण पाहिलंत, पण वाजवलंतच.” ते रागावलेले नव्हते, त्याने आमोदला जास्त भीती वाटली. “आम्ही आधी सोळा जण सोळा घरांत होतो. एकेकटे. आपणच एकत्र केलंत.”

“मला बाहेर जायचंय. दार कोणी उघडलं? त्यालाच सांगा ना…”

“आमच्यापैकी कोणी नाही.” म्हाताऱ्याने मागच्या खोलीच्या काळ्या चौकटीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “आत कोण असतं, ते आम्ही विचारत नाही. आपणही विचारू नका. तिथे कोनाड्यात फॉर्म आहेत. भरा आणि दाराखालून सरकवा.”

कोनाड्यात खरंच गठ्ठा होता. सात रकाने. दोऱ्याने बांधलेलं पेन. आमोदने एक भरला. काय झालं, कुठे झालं. सातही रकाने, अक्षर वळणदार, एक चूक नाही. सरकवला. आणि खिडकीत त्याच्याच चेहऱ्याने डोळे खाली वळवले, वाचलं, नाकातून हसला. एक मोठा अंगठा खाली आला. कागद दाराखालून परत आला. ‘आमच्याकडे घडत नाही. तपासले: आमोद.’

“नालायक!” आमोद ओरडला. “अरे, करून तरी बघ एकदा!”

“माझ्याकडे लोक बंद घड्याळ आणायचे,” मैनुद्दीन म्हणाले. “मी आधी कानाला लावायचो. कधी कधी चालू असायचं, आणि गिऱ्हाईकच बहिरं असायचं. तरी लावायचो.” मग ते आपल्या खिडकीकडे वळले. तिथे एक वृद्ध बाई फोनची काच ओढणीने पुसत होत्या.

जेवण करून सलोनी आली, शेजारी बसली. खुर्चीतल्या माणसाने पाकीट पुढे केलं, तिने चकली घेतली. चार वाजेपर्यंत त्याने साठ शिक्के मारले. तिला काडीचाही फरक जाणवला नाही. कसा जाणवणार? आमोद दोन वर्षं जे करत होता, त्याला आमोद लागतच नव्हता.

संध्याकाळी तो माणूस नारायण पेठेत घरी गेला. आमोदची आई, सुहासिनीबाई, निवृत्त शिक्षिका, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलाची वाट बघत बसलेली असायची. मुलगा यायचा, ताट ओढायचा, ‘नंतर बोलू’ म्हणून दार लावून घ्यायचा. दहा वर्षांचा शिरस्ता. आज तो चप्पल काढून सरळ तिच्याजवळ येऊन बसला.

“आज चक्क माझ्याशेजारी?” खिडकीतून आमोदला तिचा आवाज आला. ती केवढी खूश झाली होती.

“आई, आम्ही हा खेळ करतो. तू कधी पाहिलाच नाहीस.”

“तूच कधी दाखवला नाहीस रे.” तिने चष्मा चढवला. चेहरा खिडकीत मोठा झाला. कपाळावरचं गोंदण, गालावरचा तीळ. “अगंबाई, दिवे किती छान! आणि विहिरीमागे हे काय, घर? आत कुणी आहे वाटतं… हात हलवतोय बघ.”

आमोद दोन्ही हात हलवत होता. नको, नको. बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

“बोलावतोय तुला,” तो माणूस प्रेमाने म्हणाला. “दार वाजव ना, आई.”

आमोद कोनाड्याकडे धावला. फॉर्म ओढला. काय व्हायला हवं: माझ्या आईने दार वाजवू नये. तेवढा एकच रकाना भरला आणि दाराखालून सरकवला. कागद क्षणात परत आला. रकाने रिकामे. बाद.

दारावर पहिली टकटक झाली. हलकीच. तो लहानपणी न्हाणीघरात उशीर लावायचा तेव्हा ती वाजवायची तशी.

सोळाही जण भिंतीला चिकटून उभे राहिले. मैनुद्दीन यांनी कंदिलाची वात खाली केली.

“आई, नको गं…”

दुसरी टकटक. त्याच्या खिडकीशेजारी भिंतीचा चुना चौकोनी आकारात ओला होऊ लागला.

मग मागच्या खोलीत, अंधारात, कोणी तरी जमिनीवर हात टेकून सावकाश उठलं, आणि आमोदच्या खांद्याला घासून दार उघडायला पुढे गेलं.