पिशवीचा मऊपणा कुठे गेला?

कृत्तिकानं लोणच्याची पिशवी दाबली आणि ती पापडासारखी कुरकुरली. आठ दिवसांपूर्वी हीच पिशवी केळीच्या कोवळ्या पानासारखी लवत होती. समुद्री शेवाळापासून केलेली, वापरून झाल्यावर मातीत मिसळून जाणारी. अशा तीनशे पिशव्या गच्चीवर मांडलेल्या. चार वाजता हवाईनौका येणार होती, आणि भर समुद्रात तरंगणाऱ्या शाळेतली मुलं वर्षभर हेच लोणचं खाणार होती.

"आबा, हिचा मऊपणा कुठे गेला?"

आबा म्हणजे तिचे आजोबा, वेष्टणं तपासणारे शास्त्रज्ञ. ही पिशवी सुरक्षित आहे, असा शेरा त्यांनीच दिला होता. त्यांनी ती कानाशी नेऊन चुरगाळली. चेहरा उतरला.

"मापाड्या, इकडे ये रे."

मापाड्या नावाचा बुटका यंत्रमानव घरंगळत आला. त्याच्या पोटात अख्खी प्रयोगशाळा होती.

"पिशवी लवावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) घालतात," आबा म्हणाले. "ते आत घट्ट बांधलेलं नसतं. वाट सापडली की हळूच अन्नात उतरतं. याला म्हणतात स्थलांतरण (वेष्टणातलं रसायन अन्नात जाणं)."

"पण तुम्ही तपासलं होतंत ना?"

"तपासताना खरं अन्न घेत नाहीत गं. त्याच्यासारखं वागणारा द्रव घेतात. आंबट पदार्थासाठी आंबट पाणी, तेलकटासाठी तेल. मी…"

ते थांबले. मापाड्यानं जुनी नोंद वाचली. "पदार्थ, लोणचं. द्रव, आंबट पाणी. उतरलेलं रसायन, जवळजवळ शून्य. तेलाची नोंद नाही."

दारात कृत्तिकाची आई, सुलभा, उभी होती. "मामंजी, बिनतेलाचं कैरीचं लोणचं कुणी घालतं का?"

डॉक्टरांच्या हुकमावरून दहा वर्षं आबांच्या ताटात बिनतेलाचं लिंबाचं लोणचंच पडत होतं. लोणचं म्हणजे आंबट, एवढंच त्यांच्या जिभेला उरलं होतं.

"त्यात तुम्ही ते उन्हात ठेवलंत," ते पुटपुटले.

"मुरायला नको? सासूबाईंनीच शिकवलंय."

"हे रसायन तेलात चटकन विरघळतं, सूनबाई. ऊन त्याला आणखी पळवतं."

तीन वाजून गेले. मापाड्यानं लोणच्याच्या तेलाचे चार थेंब पोटात घेतले. आत बारीक गुणगुण सुरू झाली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे लोणच्याचं विष झालं का, आबा?"

"नुसतं उतरलं म्हणून विष होत नाही. किती उतरलं, कोण खाणार, रोज किती खाणार, हे बघायचं. ज्या मात्रेनं प्रयोगातल्या प्राण्यांना कसलाच अपाय झाला नाही, तिचा शंभरावा भाग माणसासाठी धरायचा. माणूस निराळा, लेकरं नाजूक. म्हणून एवढं अंतर राखायचं."

गुणगुण थांबली. "वीस किलोच्या मुलासाठी मर्यादा, दिवसाला दहा मिलिग्रॅम. दोन चमचे लोणच्यातून मिळतात चौदा."

"चारच तर वर आहेत," आई घाईनं म्हणाली. तिच्या बचत गटातल्या बायकांनी दोन आठवडे कैऱ्या फोडल्या होत्या. हातांना चिरा पडल्या होत्या. "आणि एवढं अंतर राखलंय म्हणता ना?"

"ते अंतर आपल्याला जे ठाऊक नाही, त्याच्यासाठी आहे. ठाऊक असलेली चूक झाकायला नाही." आबांनी पडद्यावरच्या जुन्या नोंदीवर बोट ठेवलं. "चूक माझी. बायकांना मी सांगतो."

दूर आभाळात घरघर ऐकू आली. आईनं डोळे मिटले, उघडले.

"बायकांना मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही नौकेला कळवा, आज लोणचं नाही. कैऱ्या अजून पंधरा दिवस आहेत. या खेपेला काचेच्या बरण्या भरू. नवी पिशवी मात्र नीट तपासून द्या."

आबा उठले, पाठ ताठ करून. कृत्तिका मापाड्याच्या पडद्यासमोर बसली आणि नव्या चाचणीची नोंद त्याला सांगू लागली. द्रव, तेल. जागा, गच्ची. ऊन, दिवसभर.

"सगळ्यात वर काय लिहू?" मापाड्यानं विचारलं.

"खाणाऱ्याचं वजन," ती म्हणाली. "वीस किलो. तिथूनच सुरुवात कर."