डोरीनची नाव

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मंगळवार, रात्रीचे साडेअकरा, बाहेर गुडघाभर बर्फ. वेंडेल क्रूपा भिंतीवरचा आपला फोटो न्यायला जुन्या थिएटरात निघाला. पुढच्या आठवड्यात ते पाडणार होते. चावी माझ्याकडे, जन्मभर झाडू मारला मी तिथं.

"रोज टीव्हीवर दिसतोस, अजून भूक भागली नाही का रे?" मी विचारलं.

"चावी दे, म्हाताऱ्या."

तुम्हा पोरांना वाटतं, आयत्या वेळी नाटक रचायचा हा खेळ तुम्ही काढलाय. शिकागोत तो दारूच्या गुत्त्यांमागच्या खोल्यांत वाढला. लिहिलेलं काही नाही, पाठांतर नाही. गिऱ्हाइकानं एक शब्द फेकायचा, दोघांनी त्यावर नाटक उभं करायचं. कायदा एकच. जोडीदार म्हणेल ते खरं.

वेंडेलची जोडीदार डोरीन. एका रात्री टीव्हीवाले बघायला आलेले. खेळ पडत होता, कुणी हसेना. डोरीन खुर्चीवर चढली. "दादा, नावेत पाणी शिरलंय. हात दे."

वेंडेल म्हणाला, "कसली नाव? खुर्ची आहे ती. उतर खाली."

लोक हसले. तिला हसले. त्याला टीव्हीवर काम मिळालं. ती परत स्टेजवर चढली नाही. पुढं वारली.

तर त्या मंगळवारी... फोटो काखेत मारून तो दाराकडे वळला. मागून आवाज आला.

"दादा..."

स्टेजवर एक खुर्ची. खुर्चीवर कुणीतरी उभं.

"नावेत पाणी शिरलंय..."

पुढं आलेला हात. बास. तो धरायचा होता.

हे त्यानं मला पहाटे माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. कॉफी तशीच गार झाली.

"मग? दिलास हात?"

त्यानं फोटो टेबलावर पालथा घातला.

"वेंडेल..."

"म्हणालो... खुर्ची आहे ती. उतर खाली." मान खालीच. "घाबरलो नव्हतो. तोंडातून तेच आलं."

"लाज नाही वाटली?"

"बघायला कोण होतं तिथं?"

पण माझ्याकडे बघेना.

थिएटरचं दार उघडंच टाकून आला होता. उजाडल्यावर कुलूप लावायला मी गेलो. तिथल्या प्रेक्षकांच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते.

सगळ्या खाली होत्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.

मी एक बैठक हातानं वर लोटली. सोडली.

खाली आली. हळू... कुणी कोट सावरून बसावं तशी.