म्हाताऱ्या ताऱ्यांची ऊब

"ओ मॅडम, थांबा! पुढं जाऊ नका!"

सुट्टीला गावी आलेली धनश्री बांधावर जागच्या जागी थबकली. दिवस मावळत होता. देवळाली प्रवराच्या त्या शिवारात निम्मा ऊस तुटला होता, निम्मा उभा होता. जीपच्या आडोशाला बसलेला एक तरुण तिला हातानं खुणावत होता. ती दबकत त्याच्याजवळ गेली.

"सकाळी तोडीत बिबट्याची पिल्लं सापडली," तो कुजबुजला. "तिथंच टोपलीत ठेवलीत. आई न्यायला येईल... आपण गप बसलो तर."

तो कल्याण. बिबटे सोडवायला वनखात्याला मदत करायचा. त्याच्या हातातल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन पांढरे ठिपके दिसत होते – एकमेकांना बिलगलेले.

"मीही असंच बघते," धनश्री बोलून गेली.

"बिबटे?"

"तारे... म्हातारे झालेले." ती हसली. "म्हातारपणी ते फुगतात, अंगाभोवती धुळीचं पांघरूण ओढून घेतात. साध्या दुर्बिणीतून दिसेनासे होतात. पण ती धूळ तापते ना, तिची ऊब आमच्या अवरक्त कॅमेऱ्यात सापडते."

"म्हंजे लोकांना वाटतं विझलाय... पन विझलेला नसतो."

"नसतो."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात उसाची पानं सळसळली. मादी आली. थोडा वेळ कानोसा घेत उभी राहिली, मग पहिलं पिल्लू मानेला धरून उसात शिरली. पुन्हा आली, दुसरं नेलं. धनश्रीनं श्वास सोडला तेव्हा तिच्या ध्यानात आलं – तिचा हात कल्याणच्या हातात होता. त्यालाही तेव्हाच कळलं. त्यानं हात चटकन काढून घेतला.

"माफ करा..."

"कशाबद्दल?" ती म्हणाली, आणि तो पहिल्यांदा हसला.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं बांधावर भेटू लागली. ती जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ताऱ्यांची चित्रं दाखवायची, तो खोदून खोदून विचारायचा. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही. तिच्या आईकडूनच तिला कळलं – त्याची बायको ज्योती तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती.

सुट्टी संपली. धनश्रीला दोन वर्षांसाठी चिली देशातल्या दुर्बिणीवर कामाला जायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमच्या मनात काय आहे?"

कल्याणचा चेहरा उतरला. "मी बिजवर हाय. लोक तुमाला बोलतील."

"लोकांना कुठं विचारलंय मी?"

तो चप्पल काढून बांधावर बसला. मग म्हणाला, "घरात ज्योतीचा फोटो हाय. रोज सकाळी तिच्याफुडं दिवा लावतो. त्यो फोटो मी काढनार न्हाई, धनश्री."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती.

"काढू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी परत आले, की सकाळचा दिवा... आपण दोघं मिळून लावू."

कल्याणनं मान फिरवली, डोळे पुसले. मग उठला, चप्पल पायात सरकवली.

"कुठं निघालात?"

"तुमच्या वडिलांकडं," तो म्हणाला. "तुमी जायच्या आधी विचारायला पायजे ना."