पाचशेतले ऐंशी

"फळीचा फोटो कसला काढताय?" मी काउंटरमागून विचारलं.

"चांगली दिसतेय म्हणून," तो म्हणाला, आणि आणखी एक काढला.

दुपारचे अडीच वाजले होते. औषधांचं दुकान आत्याचं, ती गल्ल्यावर बसून पेंगत होती. फार्मासिस्ट मी, तिची भाची, त्यामुळे गिऱ्हाइकांशी भांडायचं खातंही माझ्याकडेच. मी बाह्या सरसावणार, एवढ्यात त्याने पिशवीतून एक रिकामं खोकं काढलं, माझ्या बाटल्यांमध्ये उभं केलं आणि मान तिरकी करून बघत राहिला. निळंशार, देखणं खोकं. वर सोनेरी अक्षरं – 'मॅग्नेशियम ५०० मिलिग्रॅम. शोषण सहापट!'

"कसं वाटतंय?"

"खोकं छान आहे. लिहिणारा ढ आहे."

त्याने मान सरळ केली. "मीच लिहिलंय."

माझे कान तापले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी लहानपणापासूनची खोड. पण माघार घेणं मला त्याहून कठीण. "मग तुम्हीच सांगा. सहापट... कशाच्या?"

"आधीच्यापेक्षा."

"आधीच्या कशापेक्षा?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटायचे. "उद्या विचारून येतो," तो म्हणाला.

जाहिरात कंपनीतला होता, नोकरीचा तिसराच महिना. आत्याने त्याचं नाव त्याच संध्याकाळी 'सहापट' ठेवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहापट खरंच आला, हातात संशोधनाचे कागद घेऊन. मी उभ्या उभ्या वाचले. चौदा माणसं, एक दिवस, खर्च औषध कंपनीचा. आणि तुलना कुणाशी? तर शरीरात सगळ्यात कमी शोषल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमशी!

"रांगत्या बाळाशी शर्यत लावून पहिला नंबर काढलाय तुम्ही."

"हे खोक्यावर लिहू का?" त्याने गंभीर चेहऱ्याने पेन काढलं.

मला हसू आवरेना. मग तो रोजच यायला लागला. कधी जस्ताची जाहिरात घेऊन, कधी लोहाची – 'वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध' म्हणजे कुणी सिद्ध केलं, 'नैसर्गिक' म्हणजे नेमकं काय, असे प्रश्न विचारायला. कागद एकच, डोकी दोन... एकदा त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथेच विसरली. मीही आठवण करून दिली नाही.

"नावडतीचं मीठ अळणी ऐकलं होतं," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "इथे आवडत्याच्या मिठातही रोज खोट काढतात."

पेंगते कसली, सगळं ऐकत असते.

बुधवारी त्याने कारखान्याकडचा घटकांचा मूळ तक्ता दाखवला आणि माझं हसू गेलं. "इथे लिहिलंय 'मॅग्नेशियम सायट्रेट ५००'. खोक्यावरचं सायट्रेट कुठे गेलं?"

"ओळीत बसत नव्हतं. अक्षरं बारीक करावी लागली असती, म्हणून..."

"अहो, पाचशे ग्रॅम शेंगा आणल्या म्हणून दाणे पाचशे ग्रॅम निघतात का? सायट्रेटची टरफलं वजनात धरलीत तुम्ही. या पाचशेत मॅग्नेशियम जेमतेम ऐंशी आहे."

त्याने सोनेरी पाचशेवर अंगठा ठेवून पाहिला.

"डॉक्टरांनी आकडा लिहून दिलेला माणूस खोक्यावरचा आकडा बघून घेणार," मी म्हणाले. "त्याला वाटणार, पुरेसं मिळतंय."

"शुक्रवारी छपाई आहे. चाळीस हजार खोकी. पाचशेचा आकडा औषध कंपनीच्या मालकीणबाईंना भारी आवडलाय." त्याचा आवाज खाली गेला. "सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्याने खोकं उचललं आणि निघून गेला. गुरुवारीही फिरकला नाही.

मला तो आवडायला लागला होता. नुसता नाही, चांगलाच. आणि शुक्रवारी ती खोकी तशीच छापली गेली, तर मी त्याच्याकडे पूर्वीसारखं बघू शकणार नव्हते. दिवसभर माझं लक्ष दारात. एका आजोबांना खोकल्याच्या औषधाऐवजी मलम काढून दिलं, तेव्हा आत्याने मला सरळ मागच्या खोलीत पाठवलं.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "अकराला मीटिंग आहे. याल? बोलेन मीच. तुम्ही फक्त समोर बसा."

त्याच्या ऑफिसचा सहावा मजला, काचेचं टेबल. एका टोकाला पांढऱ्या केसांच्या मालकीणबाई, शेजारी सहापटचे साहेब. तो उभा राहिला. खोकं आणि मूळ तक्ता त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"छापण्याआधी एक चूक सांगायचीय. माझी आहे."

आणि त्याने सांगितलं. शेंगा, टरफलं, ऐंशी – सगळं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"समोरची कंपनी पाचशे लिहील," मालकीणबाई म्हणाल्या. "आपण ऐंशी लिहून दुकान बंद करायचं?"

"ते लिहोत. मी लिहिणार नाही," तो म्हणाला. "आणि ते सहापटही काढायला हवं."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही औषधाच्या दुकानातल्या ना? ऐंशीचं खोकं विकाल?"

"डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवीन. पाचशेचं आलं तर परत पाठवीन."

त्यांनी खोकं जवळ ओढलं. मग पेन उघडलं आणि पाचशेवर आडवी रेघ मारली. सहापटवर दुसरी.

"आमच्या कारखान्यातला केमिस्ट कधीपासून हेच सांगतोय. मला वाटायचं, त्याला विकण्यातलं कळत नाही." त्या साहेबांकडे वळल्या. "यापुढे आमचं प्रत्येक खोकं हाच मुलगा लिहील."

लिफ्टमध्ये आठ-नऊ माणसं होती. आम्ही कोपऱ्यात, कोपराला कोपर लागलेलं.

"चार वेळा पाठ करून आलो होतो," तो कुजबुजला.

"नोकरीची एवढी भीती होती?"

"नोकरीची नाही... तुम्ही यापुढे मला बाकीच्या गिऱ्हाइकांसारखं फक्त 'काय हवंय?' एवढंच विचाराल, त्याची."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. हळूच म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज काउंटरवरचाच निघाला.

लिफ्टमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. एक गृहस्थ तर फाइल छातीशी धरून पूर्ण वळले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं... कुणी उतरेना.

"अहो, बोला की!" एक बाई त्याला म्हणाल्या. "मला इथे उतरायचंय, पण ऐकल्याशिवाय नाही जाणार."

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे, तू. मला तू... खूप."

"झालं एकदाचं!" बाई उतरल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याने माझा हात घट्ट धरला होता.

तळमजल्यावर सगळे बाहेर पडले. आम्ही दोघेच उरलो, आणि त्याने पुन्हा सहाव्या मजल्याचं बटण दाबलं.

"वर काही विसरलास का?"

"नाही गं," तो म्हणाला. "आपण खाली फार लवकर आलो."